‘पॅकेज ८५ हजारांचं, मग १ लाख ६६ हजार गेले कुठं?’

अंबडकडच्या एका दादांचा प्रश्न आलाय. वडील, वय ७१, बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. आधी जालन्याला नेलं, तिथून रातोरात संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात. काउंटरवर सांगितलं, ‘८५ हजारांचं पॅकेज आहे, सगळं त्यात आलं.’ नऊ दिवसांनी म्हातारा घरी आला तेव्हा दादांच्या वहीत खर्च निघाला १,६६,६५० रुपये. शिवाय ६० हजार तीन रुपये शेकड्यानं काढलेले. ‘आम्हाला लुटलं का, का आमचंच चुकलं?’ असं विचारलंय आणि सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत.

आधी त्या वहीबद्दल शाबासकी. मी अकरा वर्षं एका खासगी दवाखान्याच्या बिलिंगला बसलो आणि त्यानंतर आजवर ट्रस्टच्या दवाखान्यात समाजसेवा अधिकारी आहे. म्हणजे पूर्वी बिलं बनवायचो, आता तीच कमी करून घ्यायला हात जोडतो. एवढ्या वर्षांत चहाचे पैसेसुद्धा लिहून ठेवणारे नातेवाईक मला चार-पाचच भेटले. बाकीचे ‘दीडेक लाख गेले असतील’ म्हणतात, आणि त्या ‘असतील’मध्ये दहा-वीस हजार कुठं बुडाले ते कुणालाच सांगता येत नाही.

आता उत्तर. लुटलं असं कागदावर सिद्ध करता येणार नाही, कारण यातली जवळजवळ प्रत्येक पावती नियमात बसते. पण ८५ हजार हा आकडाही खरा नव्हता. तुम्ही विचारलं, ‘किती खर्च येईल?’ या प्रश्नाला काउंटरवरचा माणूस एक आकडा सांगतो आणि तो जरा लहानच सांगतो, कारण शेजारच्या दवाखान्याचा आकडा त्याला पाठ असतो. मीही तेच करायचो. विचारायचं असतं ते असं: ‘या आकड्यात काय काय धरलेलं नाही, ते या कागदावर लिहून द्या.’ आणि हे पेशंट स्ट्रेचरवरून बेडवर जायच्या आत विचारायचं. एकदा का हाताला सलाईन लागलं की नातेवाइकाचा आवाज आपोआप खाली येतो.

तुमच्या नोंदी मी माझ्या सवयीनं लावून घेतल्या. पॅकेज ८५,०००. ‘चांगल्या कंपनीचा रॉड’ म्हणून वरचा फरक २८,०००. ऑपरेशनआधीच्या तपासण्या, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फिजिशियनचं फिटनेस ६,८००. मेडिकल १७,४५०. रक्ताच्या दोन पिशव्या ३,१००. आयसीयूची एक रात्र ७,५००. येता-जाता अँब्युलन्स ८,०००. सोबतच्या दोघांचं नऊ दिवसांचं खाणं-राहणं ५,२००. वॉकर, कमोडची खुर्ची आणि हवेची गादी ५,६००. बेरीज बरोबर आहे. म्हणजे पॅकेजबाहेर ८१,६५० गेले, जवळजवळ दुसरं पॅकेजच.

सगळ्यात मोठा घास रॉडचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची, म्हणजे जाळीच्या नळीची, कमाल किंमत केंद्रानं फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिली. औषध लावलेल्या ज्या स्टेंटचे लोक लाखाच्या वर मोजत होते, तो २९,६०० वर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचं झालं. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० अधिक जीएसटी. मोडलेल्या हाडात घालायच्या रॉड, प्लेट, स्क्रूला मात्र अशी कमाल किंमत नाही. तिथं छापील किंमत हाच कायदा, आणि ती दवाखान्याच्या खरेदीपेक्षा किती वर आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. मग ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी येऊन हळू आवाजात म्हणतं, ‘साधा टाकायचा का इम्पोर्टेड? बाबांचं वय बघता…’ आणि वाक्य तिथंच सोडून देतं. कोणता मुलगा म्हणेल, साधा टाका?

डॉक्टरांना त्या वेळी एवढंच विचारायचं: ‘साधा टाकला तर बाबांच्या चालण्यात काय फरक पडेल?’ सरळ डॉक्टर ‘या फ्रॅक्चरला काही फरक नाही’ असंही सांगतात, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि जो टाकला त्याचं स्टिकर मागून घ्यायचं. रॉडच्या पाकिटावर कंपनी, बॅच नंबर आणि माप लिहिलेलं स्टिकर येतं, ते फाईलला चिकटवतात. तुमच्या फोटोतल्या बिलावर नुसतं ‘इम्प्लांट’ लिहिलंय. कोणत्या कंपनीचं, ते कुठंच नाही. २८ हजार कशाचे दिले हे तुमच्याकडं कागदावर नाही, आणि ते आजही मागता येतं. (स्टेंट स्वस्त झाला तेव्हा आमच्याकडच्या अँजिओप्लास्टीचं बिल फार उतरलं असं समजू नका. दुसरे दोन-तीन रकाने तेवढ्यात भरले. ते भरणाऱ्यांत मीही होतो.)

आता मेडिकलचे १७,४५०. हे १४ पावत्यांत विखुरलेत आणि त्यातल्या सहा रात्री दहानंतरच्या आहेत. ही वेळ मला चांगली ओळखीची आहे. सिस्टर चिठ्ठी देते, नातेवाईक तळमजल्यावर पळतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत हातमोजे, सिरिंजा, सलाईन, इंजेक्शनं भरून वर येतो आणि पिशवी सिस्टरच्या टेबलावर ठेवतो. त्यातलं किती वापरलं हे तो कधी विचारत नाही. वाचलेलं परत मेडिकलला जातं, आणि परतीची पावती तुमच्या नावावर जमा व्हायला हवी. कधी होते, कधी तो माल ‘वॉर्ड स्टॉक’ म्हणून तिथंच राहतो. तुमच्या एका पावतीवर हातमोज्यांच्या १२ जोड्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १२. परतीची एकही पावती नाही. मी असतो तर डिस्चार्जच्या दिवशी पहिलं बोट याच्यावर ठेवलं असतं.

दुसरी गोष्ट छापील किमतीची. ‘एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही’ हे मेडिकलवाला छातीठोकपणे सांगतो आणि ते खरं असतं. गोम अशी, की काही औषधं आणि सगळं किरकोळ सामान दवाखान्याला पडतं एका भावाला आणि छापलेलं असतं भलत्याच. मी बिलिंगला असताना एक अँटिबायोटिक इंजेक्शन आमच्या मेडिकलला साठ रुपयांच्या आत पडायचं आणि पावती चारशेच्या वर फाटायची. दिवसाला दोन, पाच दिवस. हिशेब तुम्हीच करा. सरकारच्या किंमत-यादीतल्या औषधांवर मर्यादा असते, पण पावती यादीबाहेरच्या औषधाची असली तर ती मर्यादा कामी येत नाही. आमच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती मात्र करता येत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद घातली आहे, दरपत्रक दर्शनी भागात लावायचं बंधनही त्यातच आहे. तुमच्या दवाखान्यात ते कुठं लावलं होतं, आठवतंय का? बहुतेक ठिकाणी ते कुंडीच्या मागं असतं. रात्री दोन वाजता बाहेर दुकान उघडं नसतं हेही खरं, पण डॉक्टरांनी लिहिलेली पुढच्या तीन दिवसांची औषधं सकाळी बाहेरून आणायला कुणी अडवू शकत नाही.

रक्ताचे ३,१०० बरोबर आहेत. रक्त विकता येत नाही, ती तपासणी-प्रक्रियेची फी असते आणि खासगी रक्तपेढीला एका पिशवीमागं १,५५० चीच मर्यादा आहे. फक्त दोन पिशव्या आणल्या आणि एकच चढवली असं झालं का, ते केसपेपरवर बघा. आयसीयूची रात्र म्हणजे पॅकेजच्या खाली बारीक अक्षरात असणाऱ्या ‘गुंतागुंत वगळून’ या ओळीची किंमत. ७१ व्या वर्षी बीपी वर-खाली होणं ही गुंतागुंत म्हणायची का म्हातारपण, यावर मी कैक बैठकांमध्ये भांडलोय.

अँब्युलन्सचं जरा वेगळं आहे. येतानाचे तुम्ही ४,५०० दिलेत. १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून फुकट आहे, तुम्ही फोनही केला होता, ‘गाडी दुसऱ्या कॉलवर आहे’ असं कळलं आणि गेटवर उभी असलेली खासगी गाडी घेतली. पण दवाखाना कुणी निवडला? तुमच्याच शब्दांत, ‘ड्रायव्हर म्हणाला तिथं चांगलं बघतात.’ दादा, ड्रायव्हरला हाडांच्या ऑपरेशनमधलं काय कळतं? आपल्याकडं पेशंट पोहोचवणाऱ्याला पाकीट मिळतं हे रिक्षावाल्यापासून तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्या-तालुक्याला फिरून डॉक्टरांना भेटणारे दवाखान्यांचे पीआरओ, म्हणजे जनसंपर्कवाले, काही दिवाळीचा फराळ वाटायला जात नाहीत. डॉक्टरांनी असं कमिशन, म्हणजे ‘कट’, देणं-घेणं २००२ च्या आचारनियमांत मना आहे. राज्यानं २०१७ साली त्यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदाही केला, तो मसुदाच राहिला. कटाचा रकाना कुठल्याच बिलात नसतो. तो ऑपरेशनच्या फीत, रॉडच्या फरकात, टूडी इकोत विरघळलेला असतो. तुमच्या केसमध्ये तसं झालंच असं मी म्हणत नाही, पण दवाखाना ड्रायव्हरला निवडू देऊ नका.

आता ज्या ओळीनं मला सगळ्यात वाईट वाटलं ती. तुम्ही लिहिलंय, ‘आमचं रेशनकार्ड पांढरं, म्हणून योजनेचं विचारलं नाही.’ महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी आधीपासूनच होते, शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत आपले सगळे येतात म्हणून. पुढं आयुष्मान भारतशी जोडून कार्डाच्या रंगाची अटच काढली, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हाडं मोडण्याची बरीच ऑपरेशनं यादीत आहेत. तुमच्या वडिलांचं नेमकं ऑपरेशन यादीत आणि तो दवाखाना योजनेत होता का, हे पाच मिनिटांत कळलं असतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, नाहीतर १५५३८८ वर फोन लावायचा.

योजनेच्या पॅकेजची व्याप्तीही ऐकून ठेवा: बेड, ऑपरेशन, भूल, औषधं, इम्प्लांट, रक्त, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडं. हो, एसटीचं भाडंसुद्धा. माझ्या आख्ख्या नोकरीत ते स्वतःहून मागणारा माणूस मी पाहिला नाही. (मांडीत रॉड घातलेला म्हातारा एसटीत बसणार कसा, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडला नसावा.) या यादीतल्या कशासाठीही वर पैसे मागितले तर ती तक्रार होते. म्हणून काही ठिकाणी आधीच एका कोऱ्या कागदावर लिहून घेतात, ‘आम्हाला योजनेतून उपचार नकोत, स्वखर्चानं करतो.’ भरतीच्या वेळच्या सात-आठ सह्यांत हा कागद सरकवलेला असतो. सही करायच्या आधी प्रत्येक कागदावरची पहिली ओळ तरी वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या बेडजवळच्या शिकलेल्या पोराला बोलवा. लाजायचं कारण नाही.

सरकारी दवाखान्याबद्दलही एक गैरसमज आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं फुकट झालं ते आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, जिल्हा रुग्णालय इथं. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेडचं विष्णुपुरी ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडं, तिथं किरकोळ फी असते. लोक दोन्हींना ‘सिव्हिल’ म्हणतात आणि मग खिडकीवर भांडण होतं.

पण योजनेत बसलात, सगळं फुकट झालं, तरी पैसा लागतोच. तो दवाखान्याच्या कुठल्याच कागदावर येत नाही. माझ्याकडं डायलिसिसचे पेशंट येतात. आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला आठ-नऊ फेऱ्या. डायलिसिस योजनेतून फुकट. डायलिसिसच्या पेशंटला साध्या एसटीतही पैसे लागत नाहीत. पण सिल्लोडकडचा एक जण बायकोला घेऊन यायचा. तिचं अर्धं तिकीट, दोघांचा वडापाव, आणि दोघांचा बुडालेला रोज. आठ-नऊ दिवसांचा दोघांचा रोज काढा, आमच्या बिलापेक्षा तो जास्त भरतो. मग आधी बायको यायची थांबली, नंतर तो आठवड्यातून एकदाच यायला लागला. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं ‘गैरहजर’ असं लिहिलं जातं. ते लिहिताना माझाही हात थांबतो, पण रकाना तेवढाच आहे.

कॅन्सरवाल्यांचं अंतर याहून मोठं. धाराशिव-बीडची माणसं बार्शीला, कुणी संभाजीनगरला, कुणी थेट मुंबईला टाटाला. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दवाखान्याचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच भेटीत भरून घ्या. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या पेशंटची सोय होते, जागा असली तर.

रोज बुडणं ही आपल्याकडं काय चीज आहे हे बीड जिल्ह्यानं दाखवलंय. ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याची २०१९ साली राज्याच्या समितीनं पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कारणं पुष्कळ होती, पण त्यातलं एक असं, की पाळीत कामाला खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि ऑपरेशनचा पैसाही त्याच मुकादमाच्या उचलीतून यायचा. आधी ऑपरेशन, मग ते फेडायला पुढचा हंगाम. पुढं बीडमध्ये असं ऑपरेशन करायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली.

मेडिक्लेम तुमच्याकडं नाही, म्हणून थोडक्यात, पण हे वाचणाऱ्या मास्तर आणि बँकवाल्या मंडळींसाठी सांगतो. तीन लाखांची पॉलिसी आणि खोलीच्या रोजच्या भाड्याची मर्यादा त्या रकमेच्या एक टक्का असेल, तर खोली दिवसाला ३,००० चीच घ्या. ६,००० ची घेतलीत तर नुसते वरचे तीन हजार जात नाहीत. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं कापतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, लावली असेल तर पत्र लिहा. ‘मोठी खोली घ्या, मेडिक्लेम आहे ना’ म्हणणारा तुमचा हितचिंतक नव्हे.

आता तुम्ही काय करायचं. वडिलांच्या नावानं अर्ज देऊन पूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. त्यात रॉडचं स्टिकर, किती पिशव्या रक्त चढवलं, आणि औषधांचा तक्ता असतो. तो तक्ता आणि तुमच्या १४ पावत्या शेजारी-शेजारी ठेवून बसा. जे तक्त्यात नाही आणि पावतीत आहे, त्याची यादी करा आणि बिलिंगच्या मॅनेजरकडं जा. डॉक्टरांकडं नको, तिथं संबंध मध्ये येतात. आवाज चढवू नका, यादी टेबलावर ठेवा आणि बसून राहा. अशा यादीवर तीन-चार हजार परत मिळालेले मी पाहिलेत. ८१ हजार परत येतील अशी आशा मी लावणार नाही.

त्याहून घाई ६० हजारांची आहे. तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला १,८०० नुसतं व्याज, वर्षाला २१,६००. तुमच्या त्या रॉडच्या फरकाच्या जवळ जाणारा आकडा, आणि दरवर्षी. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि नसेल तर १२ टक्केच घेता येतात. तुम्ही देताय ३६. परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानं तो गुन्हाच, तालुक्याला सहायक निबंधकांकडं अर्ज होतो. गावात राहून तो करणं सोपं नाही, कळतं मला. निदान सोसायटीतून किंवा सोनं तारण ठेवून बँकेतून काढा आणि हे आधी फेडा. सोयाबीन निघायच्या आत व्यापाऱ्याची उचल घेऊन मात्र फेडू नका, भावात तेवढेच परत जातात.

आणि सहा आठवड्यांच्या एक्स-रेला संभाजीनगरला गाडी करून यायची गरज नाही. आरोग्य विभागाच्या जवळच्या रुग्णालयात काढा, पैसे लागत नाहीत. फिल्म उजेडाला धरून नीट फोटो काढा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, ‘व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का?’ बहुतेक ‘चालेल’ म्हणतात. कॅल्शियम आणि बीपीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. वॉकर आणि कमोडची खुर्ची काम झाल्यावर माळ्यावर टाकू नका. ग्रामपंचायतीत ठेवा, गावात पुढच्याला लागेल.